आठ मुलींची शाळा

रात्र बरीच झाली होती. पायराबंद गावच्या जमीनदारांच्या वाड्यात निजानीज झाली होती. वडील झोपल्याची खात्री झाल्यावर एक तरुण हळूच उठला. त्याने मेणबत्ती पेटवली आणि धाकट्या बहिणीला जवळ बोलावले. दोघे भावंडे एका पुस्तकावर वाकून बसली. भाऊ एकेक शब्द दाखवी आणि बहीण तो हलक्या आवाजात वाची. आवाज मोठा होऊ द्यायचा नव्हता. वाड्यात कोणाला कळले असते, तर दुसऱ्या दिवसापासून हा अभ्यास बंद पडला असता.

भावाचे नाव इब्राहीम साबेर आणि बहिणीचे नाव रुकैया. बंगालमध्ये तिच्या नावाचा उच्चार ‘रोकेया’ असा करतात. पुढे ही मुलगी बेगम रुकैया सखावत हुसेन या नावाने प्रसिद्ध झाली. ती लेखिका झाली आणि तिने मुलींसाठी शाळा काढली. विशेष म्हणजे शाळा काढणाऱ्या या बाईने स्वतः कधी शाळेची पायरी चढलेली नव्हती.

रुकैयाचा जन्म १८८० साली झाला. पायराबंद हे गाव रंगपूर जिल्ह्यात आहे. हा भाग आता बांगलादेशात येतो. तिचे वडील जहीरुद्दीन अबू अली हैदर साबेर हे मोठे जमीनदार होते. त्यांना अनेक भाषा येत होत्या. मुलांच्या शिक्षणाकडे त्यांचे लक्ष होते. दोन मुलांना त्यांनी कोलकात्याला इंग्रजी शाळेत पाठवले होते. पण मुलींची गोष्ट वेगळी होती. मुलींना घरातच कुराणपठण शिकवले जाई. थोडे उर्दू आणि फारसी वाचता आले म्हणजे पुष्कळ झाले, असे समजत. बंगाली ही सामान्य लोकांची भाषा म्हणून खानदानी घरातल्या मुलींनी ती शिकू नये आणि इंग्रजीचे तर नावच काढू नये, अशी त्या काळची समजूत होती.

घरात पडदा इतका कडक होता, की पाच वर्षांच्या मुलीनेही परक्या बायकांसमोर यायचे नाही. एकदा रुकैया कोलकात्याला असताना घरी दोन अनोळखी मोलकरणी पाहुण्या म्हणून आल्या. त्या असेपर्यंत पाच वर्षांच्या या मुलीला गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीत लपून राहावे लागले. तिच्याच वयाचा लहान भाचा अधूनमधून येऊन तिची विचारपूस करी. भुकेने आणि भीतीने ती कासावीस होई, पण बाहेर येण्याची सोय नव्हती. चार दिवस असे गेले. ही आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली.

रुकैयाची थोरली बहीण करीमुन्निसा फार हुशार होती. तिला बंगाली वाचण्याचा नाद लागला. घरातल्या भावांचे धडे ऐकून ती अंगणातल्या मातीवर काडीने अक्षरे काढी. ही बातमी नातेवाइकांना कळली तेव्हा घरात गहजब झाला. तिचे वाचन बंद पडले आणि पंधरा वर्षांची होण्याआधीच तिचे लग्न लावून दिले गेले. परंतु तिने आपली जिद्द सोडली नाही. धाकट्या बहिणीला बंगालीची गोडी लावली ती तिनेच. तरुण वयात वैधव्य आल्यावर तिने दोन मुलांना वाढवले, त्यांना उच्च शिक्षण दिले आणि स्वतः कविताही लिहिल्या.

अशा रीतीने एका बहिणीने आणि एका भावाने रुकैयाला दोन भाषा दिल्या. या दोघांचे ऋण त्या जन्मभर विसरल्या नाहीत. आपले एक पुस्तक त्यांनी बहिणीला अर्पण केले आणि एक भावाला.

रुकैया साधारण अठरा वर्षांची झाली तेव्हा तिचे लग्न ठरले. भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी तिचा निकाह झाला. ते बिहारचे रहिवासी होते. त्यांची भाषा उर्दू होती. त्यांची पहिली पत्नी वारली होती आणि तिची एक मुलगी होती. नवऱ्याचे वय रुकैयापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी जास्त होते. असे लग्न झाल्यावर मुलीचे शिकणे संपले, असेच कोणीही म्हटले असते. पण येथे उलटे घडले.

सखावत हुसेन स्वतः शिकलेले होते. इंग्लंडला जाऊन आलेले होते. स्त्रिया अडाणी राहिल्या तर समाज पुढे जाणार नाही, असे त्यांचे मत होते. पत्नीला वाचनाची आवड आहे हे पाहून त्यांना आनंद झाला. त्यांनी तिला इंग्रजीत पुढे शिकण्यास मदत केली. तिने लिहावे म्हणून प्रोत्साहन दिले. सासरी सगळे उर्दू बोलणारे. बंगालीतून बोलायला कोणी नव्हते. तरीही बेगम रुकैया यांनी बंगाली सोडली नाही. घरचे काम आटोपले म्हणजे त्या बंगाली पुस्तके वाचत आणि लिहीत. १९०२ पासून त्यांचे लेख मासिकांत छापून येऊ लागले.

संसारात सुख होते, तसे दुःखही होते. त्यांना दोन मुली झाल्या. एक चार महिन्यांची असताना गेली आणि दुसरी पाच महिन्यांची असताना. त्यानंतर सखावत हुसेन यांना मधुमेहाने घेरले. तेव्हा या रोगावर आजच्यासारखी औषधे नव्हती. इन्सुलीनचा शोध लागायला अजून बरीच वर्षे होती. त्यांची दृष्टी हळूहळू गेली. आजारी पतीचे पथ्य, औषध, वाचून दाखवणे हे सगळे बेगम रुकैया करीत. एकीकडे शुश्रूषा आणि दुसरीकडे लेखन, असे ते दिवस होते.

याच काळात, १९०४ साली, त्यांच्या बंगाली लेखांचे ‘मतिचूर’ हे पुस्तक निघाले. त्यातील विचार वाचून अनेकांना धक्का बसला. बेगम रुकैया यांनी एक साधा प्रश्न विचारला होता. स्त्रिया पुरुषांच्या मागे का राहिल्या? त्यांचे उत्तर असे होते, की स्त्रिया स्वतः कमावत नाहीत. जो दुसऱ्याच्या पैशावर जगतो, त्याला दुसऱ्याच्या मर्जीनेच वागावे लागते. अंगावरचे दागिने पाहून बायका खूश होतात, पण हे दागिने म्हणजे जुन्या काळातल्या बेड्याच आहेत, असेही त्यांनी लिहिले.

मग स्त्रियांनी काय करावे? शिकावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे. कचेरीत कारकून व्हावे, वकील व्हावे, न्यायाधीश व्हावे. नोकरी मिळाली नाही तर शेती करावी. स्त्रिया घरात दिवसभर राबतातच. तेवढीच मेहनत एखाद्या धंद्यात केली तर त्यांना स्वतःचे पोट भरता येणार नाही काय, असा त्यांचा मुद्दा होता. त्या काळी बंगालमधील मुसलमान मुलींना शाळेचे दारही फारसे माहीत नव्हते. तेव्हा स्त्री न्यायाधीश होईल असे म्हणणे म्हणजे अनेकांना वेडेपणा वाटला. कोणी टीका केली, कोणी चेष्टा केली.

दुसऱ्या वर्षी त्यांनी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. सखावत हुसेन दोन दिवस फिरतीवर गेले होते. घरात त्या एकट्याच होत्या. वेळ जावा म्हणून त्या लिहायला बसल्या आणि ‘सुलतानाज ड्रीम’, म्हणजे सुलतानाचे स्वप्न, ही गोष्ट तयार झाली. पती परत आल्यावर त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचून काढली आणि ते फार खूश झाले. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ती छापली गेली. हे मासिक स्त्रियांसाठी होते आणि त्याची संपादकही एक स्त्रीच होती.

गोष्ट मोठी मजेदार आहे. सुलताना नावाची बाई स्वप्नात एका अनोख्या देशात जाते. तेथे रस्त्यांवर फक्त स्त्रिया दिसतात. पुरुष घरात, मर्दान्यात बसून स्वयंपाक करतात आणि मुले सांभाळतात. त्या देशात स्त्रियांची विद्यापीठे आहेत. एका विद्यापीठातील स्त्रिया फुग्याच्या साहाय्याने ढगांतून पाणी मिळवतात. दुसऱ्या विद्यापीठातील स्त्रिया सूर्याची उष्णता साठवतात. त्या उष्णतेवर स्वयंपाक होतो आणि त्याच उष्णतेने त्या शत्रूच्या सैन्याला पळवून लावतात. कामाचे तासही थोडे. दिवसाला दोन तास काम केले की पुरे, कारण कोणी वेळ फुकट घालवीत नाही. वाचणारे हसत, पण हसता हसता विचारही करू लागत. पुरुषांना घरात कोंडणे जर चमत्कारिक वाटते, तर स्त्रियांना कोंडणे का वाटत नाही?

स्वप्न लिहिणे सोपे होते. ते खरे करण्याची वेळ लवकरच आली.

१९०९ साली सखावत हुसेन यांचे निधन झाले. बेगम रुकैया तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. मूल नव्हते. आईवडिलांचे घर दूर होते. विधवा बाईने कोणा नातेवाइकाच्या आश्रयाला जावे आणि कोपऱ्यात बसून दिवस काढावेत, अशी रीत होती. परंतु सखावत हुसेन यांनी आधीच एक तजवीज करून ठेवली होती. मुलींची शाळा काढण्यासाठी त्यांनी दहा हजार रुपये बाजूला ठेवले होते. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. एकट्या बाईला त्यावर सुखाने राहता आले असते. बेगम रुकैया यांनी ती शाळेलाच लावायची असे ठरवले.

पतीच्या मृत्यूनंतर पाचच महिन्यांनी, १९०९ च्या ऑक्टोबर महिन्यात, त्यांनी भागलपूरला शाळा सुरू केली. शाळेला पतीचे नाव दिले. विद्यार्थिनी होत्या पाच. शाळा सुरू झाली, पण घरात वाद सुरू झाले. सावत्र मुलगी आणि तिचा नवरा यांच्याशी मालमत्तेवरून तंटा झाला. तो इतका वाढला की बेगम रुकैया यांना नवऱ्याचे घर आणि भागलपूर दोन्ही सोडावे लागले. ज्या घरात अकरा-बारा वर्षे संसार केला, तेथून त्या निघाल्या. त्या कोलकात्याला आल्या.

कोलकात्यात वलीउल्ला गल्लीतील तेरा नंबरचे एक लहानसे घर त्यांनी भाड्याने घेतले. १६ मार्च १९११ या दिवशी तेथे ‘सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल’ पुन्हा सुरू झाले. दोन बाके होती आणि आठ मुली होत्या.

आता खरी अडचण पुढे आली. शाळा कशी चालवतात, हेच बेगम रुकैया यांना ठाऊक नव्हते. त्यांनी कधी वर्ग पाहिला नव्हता, फळा पाहिला नव्हता, हजेरी ऐकली नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात एका भावाने एका बहिणीला शिकवले, एवढाच त्यांचा अनुभव. एक शिक्षिका एकाच वेळी पाचसहा मुलींना कशी शिकवू शकते, याचेच त्यांना सुरुवातीला नवल वाटे, असे सांगतात.

माहीत नाही म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. कोलकात्यात ब्राह्मो समाजाच्या आणि इतर लोकांच्या मुलींच्या शाळा होत्या. बेगम रुकैया तेथे जाऊन वर्गात मागे बसू लागल्या. घंटा केव्हा होते, शिक्षिका कशी शिकवते, वह्या कशा तपासतात, वेळापत्रक कसे करतात, हे सारे त्या लक्ष देऊन पाहत. तेथील हिंदू आणि ब्राह्मो शिक्षिकांशी त्यांची मैत्री झाली. त्यांनी त्यांना मनापासून मदत केली. दुसऱ्याच्या शाळेत पाहायचे आणि आपल्या शाळेत करायचे, असा त्यांचा दुहेरी अभ्यास चालू झाला.

दुसरी अडचण मुली मिळवण्याची. बेगम रुकैया बुरखा घालून घरोघर जात आणि आईबापांना समजावून सांगत. काही जण ऐकून घेत, काही दारही उघडीत नसत. काही आईबाप मुलगी पाठवायला तयार होत, पण एकच अट घालीत. मुलगी रस्त्याने कोणाला दिसता कामा नये. म्हणून शाळेने मुलींना आणण्यासाठी आधी घोडागाडी आणि पुढे मोटार बस ठेवली.

या बसची हकिकत बेगम रुकैया यांनीच लिहिली आहे. बस चारी बाजूंनी बंद होती. वर थोडीशी जाळी होती, तेवढाच वारा. आत इतका अंधार आणि उकाडा होई, की लहान मुली घाबरून रडत. काहींना उलट्या होत, काही बेशुद्ध पडत. आईबापांनी तक्रार केली. मग बसच्या बाजू थोड्या उघडून तेथे रंगीत पडदे लावले. तेव्हा दुसऱ्या तक्रारी आल्या. वाऱ्याने पडदा उडतो आणि मुली दिसतात, अशी पत्रे आली. हे थांबले नाही तर शाळेची बदनामी करू, अशी धमकीही कोणी दिली. बंद ठेवावी तर मुली गुदमरतात, उघडी ठेवावी तर लोक शाळा बुडवतात. अशा कात्रीत त्या सापडल्या होत्या.

येथे बेगम रुकैया यांचा स्वभाव दिसतो. लेखणी हातात असली म्हणजे त्या कोणाची भीड ठेवीत नसत. मात्र शाळेच्या बाबतीत त्या धीराने आणि सबुरीने वागत. लेखांतून त्यांनी घरात कोंडून ठेवण्याच्या रूढीवर कडक टीका केली, पण शाळेत मुलींसाठी पडद्याची पूर्ण सोय ठेवली. स्वतःही बाहेर जाताना बुरखा घातला. सभ्य पोशाख वेगळा आणि बाईला कोंडून ठेवणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे होते. काही लोक विचारत, की लिहिता एक आणि वागता दुसरे, हे कसे? पण त्यांना ठाऊक होते, की आपण एक पाऊल जास्त टाकले तर बसमधल्या मुली उद्या येणार नाहीत. आपल्याला नावे ठेवली तरी चालेल, शाळा बंद पडता कामा नये, हा विचार त्यांनी पक्का केला होता.

तिसरी अडचण पैशांची. शाळा सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच ज्या बँकेत पैसे ठेवले होते ती बँक बुडाली. पतीने ठेवलेली पुंजी गेली. एखादी बाई खचून गेली असती. बेगम रुकैया यांनी खर्चाची वही पुढे ओढली. त्यांनी सरकारकडे अर्ज केले, श्रीमंत लोकांकडे वर्गणी मागितली, एकेक खर्च तपासला. १९१२ पासून शाळेला सरकारी अनुदान मिळू लागले. कोणी विचारील, की लेखिकेला हिशेबाच्या वहीचे काय काम? पण स्त्रियांनी स्वतःचा व्यवहार स्वतः पाहावा, असे ज्यांनी लिहिले होते, त्यांना आता ते करून दाखवावे लागत होते.

चौथी अडचण शिक्षिकांची. शिकलेल्या मुसलमान स्त्रिया बंगालमध्ये जवळजवळ नव्हत्याच. त्यामुळे मद्रास, आग्रा, गया अशा दूरच्या गावांहून शिक्षिका आणाव्या लागत. नवशिक्या बायकांना बेगम रुकैया स्वतः तयार करीत. मुसलमान स्त्रियांसाठी शिक्षिकांचे प्रशिक्षण वर्ग हवेत, ही मागणी त्यांनी सतत केली.

शाळेचे माध्यम सुरुवातीला उर्दू होते, कारण कोलकात्यातील पुष्कळ मुसलमान घरांत उर्दू बोलत. बेगम रुकैया यांना उर्दू चांगली येत होती. मात्र बंगालमध्ये राहणाऱ्या मुलींना बंगालीही आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. घरची भाषा, प्रदेशाची भाषा आणि इंग्रजी या तिन्ही भाषा मुलींना याव्यात, असे त्यांना वाटे. त्याशिवाय कुराणपठण, स्वयंपाक, शिवणकाम, रोग्याची शुश्रूषा आणि व्यायाम हे विषयही शाळेत होते. मुलींना व्यायाम कशाला, असे लोक म्हणत. पण अशक्त शरीराने अभ्यासही होत नाही आणि कामही होत नाही, हे बेगम रुकैया जाणून होत्या.

हळूहळू शाळा वाढली. आठ मुलींची शाळा चार वर्षांत ऐंशीच्या वर गेली. गल्लीतले घर पुरेना, तेव्हा शाळा मोठ्या जागेत गेली. एकेक इयत्ता वाढत गेली आणि बेगम रुकैया यांच्या हयातीतच ती हायस्कूल झाली.

शाळेत येणाऱ्या मुलींचा प्रश्न सुटत होता. पण ज्या बायकांचे शाळेचे वय निघून गेले, त्यांचे काय? ज्या विधवांना आधार नाही, त्यांनी काय करावे? यासाठी बेगम रुकैया यांनी १९१६ साली ‘अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम’ ही स्त्रियांची संस्था काढली. या संस्थेच्या बायका कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत जात. तेथील स्त्रियांना लिहायला-वाचायला आणि शिवायला शिकवत, मुलांची निगा कशी ठेवावी ते सांगत. गरीब विधवांना पैशांची मदत करीत, गरीब मुलींच्या लग्नाला हातभार लावीत. सभेला बायका जमवणे हेही सुरुवातीला कठीण होते. घराबाहेर पडून चार बायकांत बसायचे कसे, हेच अनेकींना माहीत नव्हते. पण दर वेळी थोड्या जास्त बायका येऊ लागल्या.

एवढी धावपळ असूनही लेखन चालूच होते. १९२४ साली त्यांची ‘पद्मराग’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात तारिणी भवन नावाची एक संस्था आहे. तेथे निरनिराळ्या धर्मांच्या निराधार स्त्रिया एकत्र राहतात. कोणी शिकवते, कोणी शिवते, कोणी रोग्यांची सेवा करते. प्रत्येक स्त्री स्वतःच्या मेहनतीची भाकरी खाते. कादंबरीच्या शेवटी नायिकेला पतीच्या घरी जाऊन राहण्याची संधी मिळते, पण ती आपल्या कामाचा मार्ग निवडते. १९३१ साली ‘अवरोधवासिनी’ हे पुस्तक निघाले. त्यात पडद्याच्या अतिरेकामुळे बायकांची कशी दशा होई, याच्या सत्तेचाळीस छोट्या छोट्या हकिकती आहेत. काही वाचून हसू येते आणि काही वाचून अंगावर काटा येतो. पाच वर्षांची मुलगी आणि अडगळीची खोली, ही आठवणही त्यातच आहे.

१९२६ साली बंगालमधील स्त्रीशिक्षण परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्यांची निवड झाली. ज्या मुलीला परक्या बायकांसमोरही यायची मनाई होती, ती आता भर सभेत उभी राहून बोलत होती.

बेगम रुकैया यांनी पतीच्या मागे तेवीस वर्षे काम केले. त्यांची प्रकृती खालावत होती, तरी त्यांनी विश्रांती घेतली नाही. ९ डिसेंबर १९३२ रोजी पहाटे कोलकात्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न वर्षांचे. त्यांच्या टेबलावर एक अर्धवट लिहिलेला लेख होता. त्याचा विषय होता स्त्रियांचे हक्क. त्या रात्रीपर्यंत त्या लिहीत होत्या.

त्यांची शाळा बंद पडली नाही. पुढे ती सरकारने आपल्या हाती घेतली आणि कोलकात्यात ती आजही चालू आहे. बांगलादेशात ९ डिसेंबर हा दिवस रोकेया दिन म्हणून पाळतात. ढाका विद्यापीठात मुलींच्या एका वसतिगृहाला त्यांचे नाव दिले आहे. पायराबंद गावात त्यांच्या वाड्याचे अवशेष पाहण्यासाठी लोक दुरून येतात.

बेगम रुकैया यांनी ज्या गोष्टी लिहिल्या तेव्हा लोकांना त्या अशक्य वाटल्या, त्यांतील पुष्कळ आज खऱ्या झाल्या आहेत. स्त्रिया कचेरीत काम करतात, वकिली करतात, न्यायाधीश होतात. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाकही होतो. परंतु सगळेच झाले आहे असे नाही. अजूनही एखाद्या घरात मुलगा पुढे शिकतो आणि त्याची हुशार बहीण दहावीनंतर घरी बसते. अजूनही एखादी आई दिवसभर राबते आणि तिच्या कामाची किंमत कोणी मोजत नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीला घरचे सारे कामही एकटीनेच करावे लागते.

अशा वेळी इब्राहीमची आठवण ठेवावी. रुकैया थोर झाल्या त्या स्वतःच्या जिद्दीने, यात शंका नाही. पण त्यांच्यासाठी एका भावाने आपली झोप मोडली, एका बहिणीने अक्षरांची गोडी लावली, एका पतीने पैसे बाजूला ठेवले आणि परधर्माच्या शिक्षिकांनी आपल्या वर्गाचे दार उघडे ठेवले. मुलगी शिकावी, कमवावी आणि घरही चालावे, असे वाटत असेल तर घरातल्या प्रत्येकाने थोडा भार उचलावा लागतो. आपल्या घरातही एखादी बहीण असेल. तिचा अभ्यास चालू असताना पाण्याचा हंडा आपण भरला, तर त्यात आपले काय बिघडते?